उकळलेला लसूण

अचलपूरच्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली आणि गाडीभर लसणाचा वास सुटला. तिच्या मांडीवर कॅन होता. अंगठ्यानं ती सारखी त्याचं झाकण दाबून पाहायची.

"मावशी, भाजी सांडली काय?" मागून कोणीतरी हसलं.

"माह्या पानमळ्याची दवाई हाये," ती म्हणाली. बुरशीनं विड्याच्या पानांच्या वेलींची मुळं सडून तिचा निम्मा मळा पिवळा पडला होता.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही शेतीचा. विचारलं, "बाजारातलं औषध काहून नाही मारत?"

"पान कच्चंच तोंडात जाते, भाऊ. जहर कसं टाकू? लसूण चांगला दोन घंटे उकळला, पक्का व्हावा म्हणून."

उकळल्यावर लसणातलं बुरशी मारणारं द्रव्यच जातं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. शेवटी सांगितलं, "कच्चाच ठेचा, थंड पाण्यात भिजवा, ताजाच वापरा."

तिचा अंगठा थांबला. "आजच ठेचतो. मंग मळा वाचते ना?"

हे पुस्तकात नव्हतं. "न सडलेल्या वेली कदाचित वाचतील," मी म्हणालो.

ती मळ्यापाशी उतरली, मी खिडकीतून पाहत होतो. पानमळा देवाचा मानतात, आत कोणी पायताण घालून जात नाही. तिनंही बांधावर चपला काढल्या. दोन तास उकळलेल्या लसणाचा तो कॅन मात्र तिनं ओतून दिला नाही. तसाच छातीशी धरून ती आत गेली.