गुजूमचं दार

ओल्लाबेर्गन उस्तांचा उजवा हात थरथरायला लागला, त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून खीवा शहरातल्या या नामांकित सुताराने दारांविषयी एक शब्द काढला नव्हता. आपल्या जुन्या कारखान्याची गल्ली नको म्हणून ते बाजारावरून लांबचा वळसा घालून जात. बापाचं हे मुकेपण लेकीला, सापुराला, आतून खात होतं, पण करणार काय?

ती एका वास्तुविशारदाकडे कॉम्प्युटरवर नकाशे काढायची. नव्या वाचनालयाचं दार बापाच्याच जुन्या कारखान्यात घडायचं होतं. त्या दुपारी तिने मुद्दाम घरीच, बापाच्या चहाशेजारी काम मांडलं. पडद्यावर दाराचे सुटे भाग. कुठला भाग कशाचा, ते नेमून द्यायचं. चौकट अक्रोडाची, झडपा अक्रोडाच्या, बिजागऱ्या पोलादी.

उस्तांनी पेला खाली ठेवला. "हे काय?"

"बिजागरी."

"खीव्याच्या दाराला? दार करतेस की खोकं?"

"मग झडप फिरणार कशावर, बाबा?"

"कडेच्या फळीतूनच अखंड खुंटा कोरून राखतात, तो दगडाच्या खळग्यात फिरतो. जन्मल्यापासून घरचं तसलंच दार ढकलतेस, आणि मलाच विचारतेस? आणि अक्रोड कशाला? आपल्याकडच्या गुजूम झाडाचं लाकूड कुठाय?"

सापुराचे कान लाल झाले. सुताराची लेक असून चुकली होती, बापाला बोलतं करायला म्हणून नव्हे, अगदी खरोखर चुकली होती. पण बाप बोलत होता, आणि त्या आनंदापुढे लाज कुठल्या कुठे गेली.

"कॉम्प्युटरच्या लाकडांच्या यादीत गुजूम नाहीये."

"मग तुझी यादीच आंधळी."

ती उठली, घराच्या गुजूमच्या दाराचा फोटो काढून आणला आणि तो लावून यादीत गुजूम घातलं. बिजागऱ्या पुसून खुंटा आखला. मग माऊस बापापुढे सरकवला. "आता तुम्हीच लावा."

हात थरथरला. टिचकी भलतीकडे पडली आणि लोखंडी कडी लाकडी झाली. सापुराने एक कळ दाबून ती पुन्हा लोखंडी केली.

"असं मागे फिरता येतं?" उस्ता हसले. "लाकडात ही सोय असती तर माझी अर्धी दारं वाचली असती."

दुसरी टिचकी नेमकी पडली. झडपेवर, खुंट्यावर त्यांच्याच दाराच्या लाकडाच्या रेषा उमटल्या. उस्तांनी पडद्यावर त्या रेषांवरून बोट फिरवलं. मग खुंटीवरची टोपी काढली.

"कुठे निघालात?"

"कारखान्यात. तिथली पोरं खुंटा वेगळा करून चिकटवतील. हात आहेत त्यांना, सांगणारा नाही."

आज त्यांनी बाजाराचा वळसा घेतला नाही, थेट कारखान्याच्या गल्लीत शिरले.