ताजिकिस्तानातला फणस

ओमानमधल्या सोहारच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात दिवसभर भाजून निघून मी घरी यायचो, तर हॉलमध्ये ताजिकिस्तान मांडलेला असायचा. आमच्या लेकीला शाळेत त्या देशाचा तक्ता करायचा प्रोजेक्ट मिळाला होता: भूगोल, सरकार, अर्थव्यवस्था, लोक. म्हणजे अर्थातच मला मिळाला होता.

भूगोलाचे डोंगर मी कापसाचे केले. सरकार सोपं निघालं. वर्षानुवर्षं एकच राष्ट्राध्यक्ष, त्याचा एक फोटो डकवला की खलास! अर्थव्यवस्था वाचून मात्र माझं डोकं फिरलं. तिथले बाप्ये रशियात जाऊन राबतात आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर गावं जगतात.

"गाव बायकांवर टाकून परदेशात पळायचं, ही काय इकॉनॉमी झाली?" मी तावातावाने म्हणालो. भाजी निवडणारी बायको नुसती हसली.

लोकांचा फोटो काही मिळेना. "पीपलचं मी बघते," लेक म्हणाली.

तक्ता तपासून घरी आला. टीचरने लाल शाईत 'व्हेरी ऑथेंटिक' असा शेरा मारला होता. लोकांच्या जागी लेकीने सुट्टीत काढलेला आमच्या कोकणातल्या वाडीचा फोटो चिकटवला होता. माझी आई, काकू, शेजारच्या म्हाताऱ्या आणि मागे फणसांनी लगडलेलं झाड. टीचरला फणस दिसलेच नव्हते.

"अगं, हे काय केलंस?"

"पण बाबा, तिथे पण सेमच आहे ना?"

मी ओरडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "तेव्हा तुम्हाला गावी यायला रजा मिळाली नाही ते बरं झालं. फोटोत तुम्ही दिसला असतात, तर टीचरने मार्क कापले असते."