मास्तरांच्या कंबरेचं माप

मास्तरांची पँट आयुष्यात कधी घट्ट झाली नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं.

तुम्हाआम्हाला पोट सुटल्याची पहिली बातमी देते ती पँट. हूक लागत नाही, श्वास आत ओढून धरावा लागतो, मग चार दिवस आपण पानात कमी वाढून घेतो आणि पाचव्या दिवशी विसरतो. पण निदान कळतं तरी. मास्तर पडले टेलर, आणि टेलरच्या घरात ते कळायची सोयच नसते. टेलर स्वतःची पँट शिवतो तेव्हा मागच्या शिवणीत चांगली ऐसपैस माया सोडतो, म्हणजे जादा कापड आत दुमडून ठेवतो. कंबर वाढली की शिवण उसवायची, थोडी बाहेरून टीप मारायची, चहा थंड व्हायच्या आत काम फत्ते. मास्तर हे इतक्या सहज करत की आपण काही दुरुस्त करतोय असं त्यांना वाटतही नसे. "तीच पँट अजून बसते बघा," असं ते गिऱ्हाइकांना छाती काढून सांगत. खोटंही नव्हतं म्हणा ते.

त्यांच्या बायकोला गल्ली मास्तरीणबाई म्हणे. बाईंचं शिक्षण चौथीत आटोपलं होतं, पण मास्तरांची बायको ती मास्तरीण, एवढं लोकांना पुरे होतं. काजं करणं, बटणं लावणं, पँटचे पाय दुमडून हातटाके घालणं आणि इस्त्री ही बाईंची खाती. त्या दुकानात मागे स्टुलावर बसत. मास्तरांचं तोंड त्यांना जेवतानाच काय ते दिसे. दिवसभर दिसे ती पाठ, आणि मशीनच्या पायपट्टीवर वरखाली होणारा उजवा पाय. मशीनला मोटर बसवून घ्या म्हणून मेकॅनिक कितीदा तरी सांगून गेला होता. "मोटर म्हणजे बिनब्रेकची गाडी," मास्तर म्हणत. "कॉलर वळवायची तर पायच पाहिजे. लोक माझ्या हाताला नावाजतात, पण कसब सगळं या पायात आहे."

घर दुकानाच्या वरच होतं, त्यामुळे मास्तरांचं रोजचं चालणं म्हणजे एक जिना. सकाळी बसले की उठायचे ते माप घ्यायला. माप घेतलं की चहा, गिऱ्हाईक ट्रायलला आलं की चहा, कपडे न्यायला आलं की चहा, आणि तक्रार घेऊन आलं तर बिस्किटासकट चहा. साखर अशी की चमचा उभा राहावा. दुपारचं जेवण उन्हं कलताना. रात्री मात्र भुकेलेले असत, तेव्हा तडस लागेपर्यंत जेवायचं आणि हात वाळायच्या आत झोपायचं. "मला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही," ही त्यांची मोठी फुशारकी. बसून राहणं हेसुद्धा व्यसन असतं असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यालाही त्यांनी चहा पाजून वाटेला लावला असता.

शेवटी सांगितलं ते सिस्टरनं. ही जवळच्या दवाखान्यातली नर्स, युनिफॉर्म मास्तरांकडूनच शिवून घेई. एकदा ट्रायलला आली असताना मास्तर मधेच मागे लघवीला जाऊन आले, पुन्हा गेले, आणि येता येता तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. सिस्टरनं युनिफॉर्म राहिला बाजूला, मास्तरांनाच कानाला धरून तपासणीला नेलं. रक्तात साखर इतकी निघाली की तिथल्या तरुण डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग ते पुष्कळ बोलले. गोळी चुकवायची नाही, गोड बंद, रोज चाला, पायांना जपा, ठरल्या वेळी रक्त तपासून घ्या. "आणि कंबर कमी करा," असंही म्हणाले.

एवढ्या सगळ्यातून मास्तरांनी नेमकं हे शेवटचं वाक्य उचललं, कारण ते त्यांच्या धंद्यातलं होतं. रक्ताची साखर त्यांना दिसत नव्हती. टेप मात्र गळ्यातच होता.

मग सुट्टीच्या दिवशी कंबर मोजायचा नेम सुरू झाला. मास्तर हात वर करून उभे राहत, बाई टेप धरत. सुरुवातीला मास्तर चालायलाही जाऊ लागले, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पिऊ लागले. आरंभशूरपणा किती टिकतो ते काय सांगायचं! लग्नसराईचे कोट आले आणि चालणं गेलं. "हा चहा आहे की चूळ भरायचं पाणी?" असं म्हणत साखर परत आली. गोळी आठवली तर आठवली. टेपही जागचा हलेना, तेव्हा मास्तर हिरमुसले आणि मोजायचंही त्यांनी सोडून दिलं.

पुढे एक दिवस पँट घसरायला लागली. बाईंनी टेप लावला आणि त्यांचा विश्वास बसेना. कंबर उतरली होती. पुढच्या खेपेला आणखी उतरली. मास्तर पोरासारखे हरखले. स्वतःच्या पँटी आत घेताना ते शीळ घालत. आलेल्या प्रत्येकाला टेप लावून दाखवत आणि वर त्याला चहा मागवत, सोबत आपलाही. "डॉक्टरांनी कंबर सांगितली होती, कंबर दिली," ते म्हणाले आणि गोळ्यांची पाकिटं त्यांनी खडूच्या डब्यात टाकून दिली. बाई काही बोलल्या तर म्हणाले, "अगं, माप बरोबर आलं ना? मग शिवून झालेल्या कपड्यावर परत टीप कोण मारतं?"

बाईंना ते पटलं. का पटलं, तेही सांगायला हवं. मास्तरांचे गाल आत गेले होते, हनुवटीखालचं लोंबतं मांस नाहीसं झालं होतं, आणि एका सकाळी केस विंचरताना आरशात बाईंना आपल्या मागे लग्नाच्या वेळचा तो सडपातळ माणूस उभा दिसला. या वयात बाई लाजल्या. तो चेहरा त्यांना हवाहवासा वाटला, आणि हवी असलेली गोष्ट मिळाली की माणूस पावती मागत नाही. नणंदेनं विचारलं, "वहिनी, माझ्या भावाला खायला काय घालतेस गं? पोरगेला दिसायला लागला!" तर बाई म्हणाल्या, "मी काही नाही हो वन्सं, मन मारलंय त्यांनी."

मन कसलं मारलंय! चहा होता तेवढाच होता. उशाचा पाण्याचा तांब्या सकाळपर्यंत कोरडा पडत होता, जिना चढताना मास्तर मधेच टेकत होते, आणि बाईंना ते सगळं उन्हाळ्याचं वाटत होतं. शरीराला रक्तातली साखर वापरता येत नव्हती, म्हणून ते आपलंच मांस जाळून दिवस काढत होतं. पण हे बाईंना फार पुढे कळलं, कळून काही उपयोग नव्हता तेव्हा.

मधल्या काळात सिस्टरची बदली झाली होती. ती परत आली आणि दुकानाच्या दारातच थबकली.

"मास्तर, हे काय! किती उतरलात!"

"बघा ना!" मास्तर खुशीत म्हणाले आणि टेप काढायला लागले.

"ठेवा तो टेप. टेप रक्तात जात नाही. गोळ्या चालू आहेत का? उद्या सकाळी उपाशीपोटी या. वहिनी, तुम्ही घेऊन या यांना."

आणि वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, शाळा तेवढ्या उघडू दे. गणवेशांचा ढीग पडलाय बघा. मग मी स्वतः आणते."

हे मास्तर बोलले नाहीत, बाई बोलल्या. त्यानंतर या वाक्यानं त्यांना कधीही सोडलं नाही.

गणवेशाच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जमिनीवर चिंध्या, धागे आणि टाचण्या. मास्तर मशीनवर अनवाणी बसत, चप्पल घातली की पट्टी कळत नाही म्हणत. संध्याकाळी बाई मशीनखाली पडलेला पांढरा शर्ट उचलायला वाकल्या, तर त्यावर लालकाळा डाग.

"अहो, हे काय सांडलंत? नवा कोरा शर्ट आहे लोकांचा!"

त्या आधी शर्ट घेऊन नळाकडे धावल्या. डाग खळबळून धुतला, पिळला, वाळत घातला. मग कुठे डाग आला कुठून ते बघायला परत वाकल्या. मास्तरांच्या उजव्या तळव्यात टाचणी रुतली होती, नुसतं डोकं बाहेर. पट्टीवर रक्त वाळून चिकट झालं होतं. म्हणजे दुपारपासून मास्तर त्या टाचणीवर पाय दाबत होते, आणि अख्खा गठ्ठा शिवून झाला होता.

"दुखलं नाही तुम्हाला?"

"नाही बुवा," मास्तर म्हणाले. टाचणी उपटून त्यांनी पँटला पुसली आणि टाचण्यांच्या उशीत खोचली. "दुखत नाही म्हणजे काही झालेलं नाही. घे, बटणं लाव."

मलम लावलं, चिंधी बांधली. बाहेरून जखम बुजली, आत मात्र पसरत राहिली. मास्तरांना काही कळत नव्हतं, कारण तो पाय त्यांना काही सांगेनासा होऊन बराच काळ लोटला होता. दुकानात वास येऊ लागला तेव्हा बाईंनी उंदीर मेला असेल म्हणून कपाटं सरकवली. शेवटी चिंधी सोडली, आणि दुकानाला कुलूप लावून त्या मास्तरांना घेऊन दवाखान्यात गेल्या. शाळा उघडायच्या होत्या त्या अजून उघडल्या नव्हत्या.

मोठ्या डॉक्टरांनी पाय पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. बोटं काढून भागेल असं आधी म्हणाले. नंतर तसं म्हणेनात. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी पेन काढून गुडघ्याखाली एक रेघ ओढली. मास्तर मान उचलून रेघेकडे बघत राहिले. आयुष्यभर अशा रेघा त्यांनी ओढल्या होत्या.

"डॉक्टर, थोडी माया ठेवून कापा," ते म्हणाले.

"काय ठेवू?"

"जादा ठेवा म्हणतायत," बाई म्हणाल्या.

"ठेवतोच आम्ही," डॉक्टर म्हणाले. "वरची कातडी दुमडून शिवावी लागते."

"मग हरकत नाही," मास्तर म्हणाले. बाई बाहेर गेल्या, आणि तिथल्या बाकावर बसून तोंडात पदर कोंबून रडल्या.

मास्तर घरी आले, पण वर नाही. जिना त्यांच्यासाठी संपला होता. दुकानातच मागे खाट टाकली. मशीनला मोटर आली आणि मोटरवर बाई बसल्या. कॉलर त्यांच्या हातून वळत नसे, टीप वाकडी जाई. मास्तर खाटेवरून सांगत, "सावकाश, सावकाश," पण मोटरला सावकाश कळत नाही. गिऱ्हाइकं चांगली होती, पहिला कपडा गुपचूप घेऊन गेली. दुसरा कपडा फारसं कुणी टाकला नाही. मास्तर काजं करत बसत. ज्या माणसाकडे कोटासाठी लोक लांबून येत, तो आता उसवाउसवीच्या कामांना बटणं लावत होता, आणि तेही डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून दोनदा.

भेटायला येणारे केक आणत, बिस्किटांचे पुडे आणत. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं! मास्तर ते उशाशी ठेवत.

"चहात साखर घाल," एका दुपारी ते म्हणाले.

"मिळायची नाही."

"अगं, साखर सोडून पाय उगवणार आहे का?"

नाही म्हणून म्हणून बाई दमल्या होत्या, आणि या माणसाकडे दिवसभरात सुखाचं असं दुसरं काय उरलं होतं? त्यांनी चमचाभर साखर घातली. आपण काय करतोय हे पुरतं कळत असून घातली आणि ढवळली. मास्तरांनी मिटल्या डोळ्यांनी तो चहा संपवला.

सिस्टरनं एक काम मात्र बाईंना नेमून दिलं होतं. रोज दिवे लागले की उरलेला डावा पाय मांडीवर घ्यायचा आणि बारकाईनं बघायचा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. मास्तर भिंतीला टेकून विचारत, "काय म्हणतोय?" आणि बाई म्हणत, "काही नाही." एवढं एक उत्तर त्यांना दिवसभर पुरत असे.

त्या संध्याकाळी टाचेच्या बाजूला काळसर काहीतरी दिसलं. बाईंना वाटलं, शाई असेल. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं. गेलं नाही. साबण लावून पुसलं, तरी गेलं नाही. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला.

"दुखतं का हो?"

"कुठं?"

बाईंनी नख लावलं. कातडी पांढरी पडेपर्यंत जोर दिला.

"इथं. इथं दुखतं का?"

"अगं, आधी हात तर लाव," मास्तर म्हणाले.