घंटेचा दोर

बाबा मंगळवारी सकाळी गेले. दुपारी सांगलीत त्यांना माती दिली. संध्याकाळी घरी बसलेल्या माणसांत दोराची गोष्ट निघाली आणि आई हसली.

ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. बाबा तेव्हा जतकडच्या एका गावात पाळक होते आणि मी विश्रामबागच्या कॉलेजातून सुट्टीला घरी गेले होते. चर्चची घंटा वाजवायचं काम चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकांकडे होतं. पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार; त्यांची घंटा मिनिटभरही चुकत नसे. एका रविवारी ती वाजलीच नाही. दोर गायब होता.

तासाभरात हवालदारांनी तो विहिरीवर शोधून काढला. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका बाईनं तो आपल्या दोराला गाठ मारून जोडला होता. दोरासकट, भरल्या घागरीसकट त्यांनी तिला चर्चच्या दारात आणलं. पोलीस पाटलाला बोलवायचं, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. बाईचं सगळं लक्ष दोराकडे. तो गेला तर घरी पाणी नाही, एवढंच तिला कळत होतं.

“आवं, पानी लय खाली गेलंय. माझा दोर पोचंना,” ती म्हणाली.

बाबांनी विचारलं, “आता पोचतो का?”

“पोचतोय. दोन हात उरतोय बी.”

“मग उरलेला कापू नका. पाणी अजून खाली जाईल.”

हवालदारांनी विचारलं, “पाळकसाहेब, चोराला वर आनि सल्ला देताय व्हय?”

“आपण दर रविवारी देवाकडे दया मागतो, हवालदार. तो काही आधी पंचनामा करत नाही.”

त्या उन्हाळ्यात बाबा स्वतः दारोदार जाऊन लोकांना उपासनेला बोलवू लागले. घंटा ऐकू आली नाही ही सबब संपली आणि चर्च भरू लागलं. मेअखेर बाईचा दोर पुन्हा अपुरा पडला. तेव्हा हवालदारच आपल्या ट्रंकेचा दोर सोडून विहिरीवर गेले. असली ढिली गाठ पलटणीत चालत नाही, म्हणून त्यांनी तिची आधीची गाठही सोडवून नव्यानं मारली.

पुढे घंटेला नवा दोर आला, पण बाबांचं दारोदार जाणं थांबलं नाही. सांगलीला बदली झाल्यावरही नाही.

आता घरात आई आणि मी आहोत. रविवारी आम्ही दोघी वेळेवर निघतो; वाटेत बाबांची सगळी दारं घ्यायची असतात.