बारकीच्या बॅगेचं अस्तर

मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली एक तिरकी जागा होती. मालकाने तिचे पत्रा घालून दोन भाग केले. उंच बाजूला बॅगदुरुस्तीवाले बसले, उतरत्या बाजूला मी, किल्ल्या बनवणारा. अठरा वर्षं आम्ही असे शेजारी बसलो. माझं डोकं जिन्याला आपटलं की ते पलीकडून विचारायचे, "लागलं का?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा कामाला लागायचे.

त्यांना सगळे चेनवाले म्हणत. दहातली सात कामं तुटलेल्या चेनचीच असत. बाकी ट्रॉलीची चाकं, उसवलेली हँडलं, फाटलेली अस्तरं. हात फार सफाईदार. त्यांनी घातलेला टाका कुठला आणि मूळचा कुठला हे गिऱ्हाईक भिंगातून बघूनही सांगू शकत नसे. चेनवाल्यांना त्याचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

दुसरा अभिमान त्यांच्या घरच्या नियमाचा. ते अकरा वर्षांचे असताना सुट्टीत एका छत्रीवाल्याकडे राबले होते. महिनाअखेरीस पैसे मिळाले, तर वडिलांनी वाटेतच गाठून खिसा रिकामा केला आणि म्हणाले, "फुकट जेवतोस का घरी?" ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकली असेल. शेवट ठरलेला असे. "म्हणून आमच्या घरी पोरीने कमावलं ते पोरीचं. हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. तिला वाटलं तर तिने नदीत टाकावेत."

पोरगी एकुलती एक. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून बारकी म्हणायला लागले, ती पुढे आईपेक्षा उंच झाली तरी बारकीच राहिली. बाराव्या वर्षापासून ती एका निवृत्त डॉक्टरीणबाईंच्या दोन कुत्र्यांना सकाळ-संध्याकाळ फिरवायची. थंडी असो, ताप असो, परीक्षा असो, खाडा नाही. बाई दर महिन्याला पाकीट देत. पाकीट कपाटात जाई आणि तिथेच राही. चेनवाले कौतुकाने सांगत, "तीन वर्षं झाली, एक गोळी-बिस्किट नाही घेतलं तिने त्यातून."

पंधरावं लागलं त्या महिन्यात बारकी शाळेतून थेट दुकानात आली आणि तिने एक चित्र बापासमोर ठेवलं. एका नावाजलेल्या कंपनीची बॅग. तपकिरी, छोटी, पुढे पितळी कडी. नाव असं की ते उच्चारताना माणसं थोडी सावरून बसतात.

"ही घेणार आहे मी," ती म्हणाली.

चेनवाले हसले. मग त्यांनी किंमत विचारली, आणि ती ऐकल्यावर हसायचे थांबले. ती त्यांच्या चार महिन्यांच्या कमाईएवढी होती.

"अगं, अशीच मी तुला शिवून देतो. कातडं यापेक्षा भारी लावतो. आठ दिवसांत देतो."

"तुम्ही शिवाल ती छानच असेल, बाबा. पण मला ही हवीय."

"का पण?"

"हवीय म्हणून." मग ती म्हणाली, "नियम तुमचाच आहे ना."

पत्र्याच्या अलीकडे मी किल्ली घासायची थांबवली होती. चेनवाल्यांनी चित्राची घडी घातली, तिला परत दिली आणि म्हणाले, "तुझे पैसे आहेत. जा घेऊन ये." आवाज असा होता की दुसरी कुणी असती तर गेली नसती. बारकी गेली. सोबत आईला नेलं. बाप गेला नाही.

त्यानंतर नियमाची गोष्ट बंद झाली आणि दुसरी सुरू झाली. येईल त्या गिऱ्हाइकाला चेनवाले सांगत, "आजकाल कातड्याचे पैसे कोण घेतंय? नावाचे घेतात. आत पुठ्ठा असतो, पुठ्ठा. आम्ही रोज उघडतो, आम्हाला ठाऊक." गिऱ्हाईक मान डोलवी. पोरीचं नाव ते घेत नसत, पण मला कळत होतं. घरात आल्यापासून ती बॅग त्यांना टोचत होती. बारकी ती मऊ कापडी पिशवीत घालून ठेवायची, रविवारी बाहेर काढायची, खांद्याला लावून आरशात बघायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. बापाला ती म्हणाली होती, "बघा ना हातात घेऊन." यांनी हात धुवायचं निमित्त काढलं होतं.

आता माझा भाग सांगतो. हा मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नाही. एक दिवस पुठ्ठ्याचं तेच चऱ्हाट ऐकून मी वैतागलो आणि म्हणालो, "दादा, रोज बोलताय, एकदा उघडून तरी बघा. पुठ्ठा निघाला तर आठवडाभर चहा माझ्याकडून." मी थट्टेत म्हणालो. निदान मी तसं स्वतःला सांगतो.

दुसऱ्या दिवशी बारकी शाळेत गेल्यावर ते बॅग वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले.

तेव्हा मी "नको" म्हणायला हवं होतं. मी स्टूल ओढून पत्र्याच्या कडेला जाऊन बसलो. ट्रॉलीच्या चाकासाठी थांबलेल्या एक बाई होत्या, त्याही वाकून बघू लागल्या. चेनवाल्यांनी बॅग उलटी केली, अस्तर बाहेर ओढलं, पातळ पातं घेतलं आणि तळाच्या कडेने चार बोटं शिवण उसवली. बोलता बोलता करत होते. "आता बघा हं, आत्ता निघेल."

मग त्यांनी पातं खाली ठेवलं.

आत पुठ्ठा नव्हता. कातड्याचाच दुसरा पापुद्रा होता, कडेला इतका पातळ छिललेला की बोटाला पायरी लागत नव्हती. दोरा मेणाचा, टाका टाक्याला समान. जिथे कुणाची नजर कधीच जाणार नाही तिथेही कडा घासून, रंगवून गुळगुळीत केल्या होत्या. एका कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण होती, कुणा कारागिराने स्वतःसाठी केलेली. चेनवाले ती खूण बघत बसले. असं काम करायला शिकायची त्यांची इच्छा होती, पण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हे ते मला पुढे कधीतरी बोलले. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "चांगली केलीय."

बाई म्हणाल्या, "मग शिवा की परत. पोरीची असेल तर रडेल."

त्यांनी शिवली. अर्धा दिवस त्यात गेला. दोऱ्याची छटा जुळेना म्हणून तीन दुकानं फिरले. जुन्याच भोकांतून सुई घातली, एकही नवं भोक पाडलं नाही. शाळा सुटायच्या आत बॅग कापडी पिशवीत, पिशवी कपाटात. मी विचारलं, "सांगणार का तिला?" आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत मीच म्हणालो, "जाऊ द्या. कळणार नाही तिला. कशाला उगाच."

बारकीला कळलं नाही. चार महिने गेले.

मग पितळी कडी सैल झाली. कंपनीच्या दुकानात अशी दुरुस्ती फुकट करून मिळायची, पावतीवर तसं छापलं होतं. बारकी एकटीच गेली. परत आली ती घरी न जाता इकडेच, बॅग छातीशी धरून. तोंड उतरलेलं.

"काय झालं?" चेनवाल्यांनी विचारलं.

"ते म्हणतात बॅग उघडलेली आहे. आतला दोरा त्यांचा नाही म्हणे. त्यांचे लोक दोऱ्याचं टोक जाळतात, इथे गाठ मारलीय. मला विचारलं, खरंच आमच्याकडूनच घेतली का. मी पावती दाखवली. मग विचारतात, खरी ठेवून ही दुसरी आणलीस का. सगळ्यांसमोर, बाबा. एका बाईंनी तर आपली पर्स पोटाशी धरली."

मी खाली मान घालून किल्ल्यांचा जुडगा चाळत बसलो. चेनवाले म्हणाले, "अशी दुकानं असंच करतात. दुरुस्ती टाळायची असते त्यांना."

"मी पण तेच म्हटलं. मी सांगितलं, माझे बाबा याच कामात आहेत. कुणी हात लावला असता तर त्यांना पहिलं कळलं असतं." तिने दप्तरातून कागद काढला. सुवाच्य अक्षरात कंपनीला पत्र लिहून आणलं होतं, बसमध्ये बसून. "खाली तुम्ही लिहून द्या. शिवण मूळची आहे, मी स्वतः तपासली, असं. आणि सही करा. तुमचं ऐकतील ते."

त्यांनी कागद घेतला. पेन घेतलं. चष्मा चढवला. मला वाटलं, करतात सही. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, करावी. माझीही सुटका होती त्यात. पेन कागदावर टेकलं, निळा ठिपका उमटला आणि तिथेच मोठा होत गेला.

"बारके," ते म्हणाले, "ते लोक खोटं बोलत नाहीत. मी उघडली."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय उघडलं?"

"बॅग. तू शाळेत होतीस. आत काय आहे ते बघायला उघडली."

"का?"

"पुठ्ठा असेल असं वाटलं."

"होता?"

"नाही."

बापाचं तोंड असं झालं होतं की मला बघवेना. पन्नाशीचा माणूस, भर बाजारात कुणी कपडे उतरवल्यासारखा बसला होता. मग बारकी माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच म्हणालो होतो त्यांना, उघडून बघा म्हणून."

तिने मान हलवली. ओरडली नाही. ती म्हणाली, "पहिलीपासून माझं प्रत्येक दप्तर कुणीतरी टाकून गेलेलं होतं. तुम्ही छान करून द्यायचात, बाबा. पण आत दुसऱ्याचं नाव असायचं. एकदा तर वर्गातल्याच मुलीचं निघालं. मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मला एक, फक्त एक अशी हवी होती, जी कुणी दुरुस्त केलेली नाही."

कागद उचलून तिने चार घड्या घातल्या आणि निघून गेली. चेनवाले संध्याकाळपर्यंत बसून होते. चार गिऱ्हाइकं आली, त्यांना मीच उद्या या म्हणून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि बारा वाजता फळी लावू लागले. म्हणाले, "त्या दुकानात जाऊन येतो." मी म्हणालो, "मीही येतो." त्यांनी नको म्हटलं नाही.

एवढ्या थंडगार दुकानात आम्ही दोघे कधी शिरलो नव्हतो. काउंटरवरच्या मुलीने "काय हवंय?" विचारलं, तेव्हा चेनवाले काउंटरजवळ सरकले. म्हणाले, "काल एक मुलगी आली होती, तपकिरी बॅग घेऊन. ती खरं बोलत होती. बॅग तुमचीच आहे. मी उघडली होती, तिला न सांगता. मी तिचा बाप." आसपासची माणसं वळून बघू लागली. मॅनेजर आला, त्यालाही तेच पुन्हा सांगितलं, शब्द न गाळता. मग आतून ॲप्रन घातलेला एक म्हातारा कारागीर बाहेर आला, ज्याने गाठ पकडली होती तो. त्याने चेनवाल्यांच्या हातांकडे पाहिलं.

"ती शिवण तुमची? एकही भोक नवं नाही पाडलंत. चांगला हात आहे."

आयुष्यभर ज्या शब्दांसाठी माणूस थांबतो ते शब्द असे मिळाले. चेनवाल्यांनी मान वर केली नाही. ते एवढंच म्हणाले, "मुलीला फोन करा. तिला सांगा की ती खरी होती."

दुकानवाल्यांनी फोन केला. माफी मागितली, कडीही बसवून दिली. बारकीने घरी बापाला सांगितलं, "फोन आला होता." त्यावर ते म्हणाले, "मी जाऊन आलो." ती म्हणाली, "माहीत आहे." थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझ्यासाठी गेलात की तुम्हाला बरं वाटावं म्हणून?" हे त्यांनीच मला सांगितलं. उत्तर काय दिलं ते मात्र सांगितलं नाही.

बॅग तिने ठेवली, वापरलीही, पण आरशासमोर कधी उभी राहिली नाही. त्यानंतर ती काय कमावते, कुठे ठेवते, काय घेते, हे घरात कुणाला कळेनासं झालं. भांडण नव्हतं. बापाला जेवायला वाढायची, डबा द्यायला दुकानात यायची, माझ्याशीही हसून बोलायची. फक्त कपाटाला कुलूप आलं. ते कुलूप तिने माझ्याकडूनच घेतलं आणि म्हणाली, "काका, दुसरी किल्ली ठेवू नका." मी ठेवली नाही.

बारकी आता तेवीस वर्षांची आहे, एका प्रयोगशाळेत नोकरी करते. गेल्या महिन्यात दुकानावर आली तेव्हा मनगटावर नवं घड्याळ होतं, बऱ्यापैकी महागातलं. चेनवाल्यांनी ते आधीच पाहिलं होतं, पण त्यांनी हातातली चेन पूर्ण बसवून घेतली. मग हात पुसून त्यांनी विचारलं, "बघू का जरा?"

तिने हात पुढे केला. घड्याळ काढलं नाही, नुसता हात पुढे केला, पत्र्याच्या कडेपर्यंत. चेनवाले आपल्या जागेवरूनच वाकले, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि बराच वेळ बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि डबा ठेवून निघाली.