डोंगरातली विरळणी

आमच्या धावडा गावाच्या वरच्या अंगाला जंगलखात्याचा सागवान होता. तो एकदा तोडून नेलेला, मग प्रत्येक बुंध्यातून पाच-सहा फोक फुटलेले. ते इतके दाट वाढले होते की शेळीसुद्धा आत शिरत नसे. निजामाचं राज्य होतं तेव्हा. एका हिवाळ्यात विरळणीचा हुकूम आला आणि माझे सासरे मुकादम झाले.

माझ्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. घरात मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत, काय ते सासूबाईंना सांगत. डोंगरात मात्र बोलायचे.

"बुडाकडं बघू नको, वर बघ. दोघांचे शेंडे घासून राह्यले ना? मंग त्यातलं एक जाणार. वाकडं, किडकं जाईल. सरळ ऱ्हाईल. त्याला उजेड पायजे."

ठेवायच्या झाडाला ते चुन्याचा पट्टा ओढत, बिनपट्ट्याचं गडी तोडत, आणि आम्ही बाया ते ओढून रस्त्यावर ठेकेदाराच्या गाड्यांपाशी आणत असू. आठ दिवसांत रान मोकळं दिसू लागलं. बाकीच्या बायांना मी तोऱ्यात सांगायची, आमच्या मामंजींची नजर बघा!

नवव्या दिवशी सकाळी पुढच्या पट्टीत गेलो तर सगळं उलटं. सरळसोट झाडांवरचा चुना खरवडून काढलेला आणि वाकड्या, पोखरलेल्या झाडांवर ताजे पट्टे. मला वाटलं कुणी खोडी केली. धावत जाऊन मी मामंजींना सांगितलं.

ते वर न बघताच म्हणाले, "बराबर हाय ते. ठेकेदाराला सरळच माल पायजे."

"पण मामंजी, तुम्हीच तर म्हणलेत..."

"जल्दी कामाला लाग."

त्यांची बोटं चुन्यानं उललेली होती, नखांत पांढरं भरलेलं. तेव्हा मला कळलं. ठेकेदार लबाड असतो हे माहीत होतं. पण हा माणूस पहाटे अंधारात उठून, आपल्याच हातानं ओढलेले पट्टे दगडानं खरवडत बसला होता.

तीन दिवसांत सरळ झाडं गेली. मागे मांडीएवढे जाड, ताजे खुंट राहिले, लांबूनही दिसणारे. तेवढ्यात जंगलखात्याचे साहेब तपासणीला येणार अशी खबर आली. मामंजींनी आम्हा बायांना शेण आणि माती कालवायला लावली. "खुंटांवर लिंपा. बिलकुल दिसता कामा न्हाई."

घर सारवताना शेणाची कधी किळस वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. उन्हात लेप तडकायचे, माश्या घोंगावायच्या, आम्ही पुन्हा लिंपायचो. माझ्या हाताचा वास चार वेळा धुऊनही गेला नाही.

साहेब घोड्यावरून आले. उतरून चार पावलं चालले आणि त्यांचा बूट एका खुंटावरून घसरला. त्यांनी छडीनं लेप खरवडला. खाली पक्कं, निरोगी लाकूड.

"ये क्या है, मुकादम?"

मामंजींनी हात जोडले. "हुजूर, खुंटाला वाळवी लागू न्हाई म्हणून लावलं."

साहेबांनी आम्हा बायांकडं पाहिलं. मी पुढंच उभी होते, कोपरापर्यंत शेणानं भरलेली.

"क्यों बाई, सच है?"

मामंजी माझ्याकडं बघत नव्हते. मी पदर ओढला आणि म्हणाले, "जी."

साहेब हसले. त्यांना सगळं समजलं होतं, कदाचित आधीपासूनच. त्यांनी पाय पुढं केला. मामंजींनी डोक्याचा पटका सोडला आणि त्याच्या टोकानं तो बूट पुसला. बूट चकचकीत झाला तसे साहेब म्हणाले, "काम बराबर है," आणि घोड्यावर बसले.

संध्याकाळी मामंजींनी पटका धुऊन वाळत घातला आणि जेवायला बसले. मी वाढत होते. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, कांदा मागून घेतला. त्यांचं ते चवीनं चावणं मला ऐकवेना. त्यांनी एकदा तरी मान खाली घातली असती तर मी सगळं गिळलं असतं.

"मामंजी, उद्यापासून मी डोंगरात येणार न्हाई."

सासूबाई चपापल्या. मामंजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "लोकं इचारतील. काय सांगू?"

"सांगा, सुनेला चढण झेपत न्हाई."

त्यांनी तसंच सांगितलं. पुढं मी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागले. वरची वाकडी झाडं आडवी पसरली आणि सरळ झाडांच्या खुंटांतून पुन्हा फोकांचं गचपण उठलं. तिकडं कुणी फिरकलं नाही. त्या "जी"ची मला त्यांच्या पटक्याइतकीच शिसारी येत राहिली. सुनेला चढण झेपत नाही, हे मामंजी शेवटपर्यंत पाहुण्यारावळ्यांना सांगत राहिले, आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही.