शेरी आवडणारी बाई

सुप्रभा दामलेला शेरी फार आवडते, हे ब्रिस्टलच्या अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. बाईने जन्मात शेरीचा थेंब चाखला नव्हता.

त्याचं असं झालं. ब्याऐंशीच्या नाताळात डॉक्टर विटकमांकडे पार्टी होती. तिचा नवरा शशिधर त्यांच्याच हाताखाली रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ डॉक्टर. "माझा रेफरन्स त्यांच्या हातात आहे. नुसतं छान म्हण," त्याने गाडीतच बजावलं होतं. सुप्रभाने हाती आलेला शेरीचा ग्लास हळूच खिडकीतल्या कुंडीत रिकामा केला आणि "लव्हली" म्हणाली. झालं! नाताळाला एक, ईस्टरला एक, अशा विटकमांकडून बाटल्या येऊ लागल्या. जिन्याखालच्या कपाटात केर ओढायच्या हूव्हरमागे चार साठल्या. आता खरं सांगायचं कुठल्या तोंडाने?

तिला त्याचं फारसं काही वाटतही नव्हतं म्हणा. साताऱ्याच्या शाळेने तिची गणिताची जागा पंच्याऐंशीच्या जूनपर्यंत राखून ठेवली होती. तोवर शशिधरची एमआरसीपीची परीक्षा होणार, मग परत जायचं, हे लग्नाआधीच ठरलेलं. त्या वर्षी मार्चमध्येच तिने माळ्यावरून बॅगा काढल्या.

एप्रिलमध्ये विटकमांनी खास तिच्यासाठी गावातलं शेरीचं जुनं तळघर बघायचा बेत आखला. रस्त्याखाली दगडी कमानी, गारठा, आणि तीन थरांत रचलेली पिंपं. स्पेनमध्ये शेरी कशी मुरवतात ते दाखवणारा माणूस रंगून सांगत होता: तळच्या पिंपातून थोडी काढायची, तेवढीच वरच्यातून भरायची, पिंप कधी रिकामं करायचं नाही.

"म्हणजे पहिली शेरी कधी पूर्ण बाहेर पडतच नाही?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"थोडी आतच राहते, मॅडम," तो अभिमानाने म्हणाला.

तेवढ्यात विटकमांनी ग्लास उंचावला. "गुड न्यूज! शशीची पोस्ट पर्मनंट झाली. कमिटीला भीती होती, हे इंडियाला पळतील. मी म्हटलं, नॉन्सेन्स, त्याची वाइफ इथे किती सेटल्ड आहे, शेरीवर किती प्रेम आहे तिचं, मला विचारा!"

सुप्रभा शशिधरकडे वळली. "अहो, तुम्ही अर्ज केला होतात?" तिने मराठीत विचारलं.

शशिधर पिंपावरची खडूची अक्षरं वाचत होता. "घरी बोलू," तो पुटपुटला.

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सगळे हसतमुखाने तिच्याकडेच बघत होते. तळघरात एकही कुंडी नव्हती. तिने ग्लास तोंडाला लावला आणि सगळी शेरी गिळली. घसा जळत गेला.

"लव्हली," ती म्हणाली.